दांड्यावरची थट्टा

टॅक्सी पुलाच्या तोंडाशी अडकली होती, आणि अडकलेल्या टॅक्सीत माणसं बोलतातच. ड्रायव्हर पोरसवदा होता. शेजारी बघत त्याने विचारलं, "काका, आडनाव काय आपलं?" "न्जाय," मासेक म्हणाला, आणि म्हणता क्षणी त्याला वाटलं की आपण खोटं सांगायला हवं होतं. ड्रायव्हरचा चेहरा खुलला. "न्जाय! आणि मी जोप! अरे देवा, आणि मी यांना पुढच्या सीटवर बसवलं! मावशी, पाटीवर फडकं टाका आधी. न्जाय बसलाय गाडीत. भात नसला तर ही मंडळी मासे कच्चेसुद्धा खातात." मागच्या सीटवरची मासळीवाली खळखळून हसली, तिच्या शेजारी पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला मास्तरही हसला, आणि मग तिघंही थांबले. थांबायचंच असतं. जोपाने टाकलेला टोला न्जायने परतवायचा, ही इथली रीत. जोप चोर, न्जाय भातखाऊ, जोप न्जायांचा गुलाम, न्जाय जोपांचा गुलाम. कुणी काहीही बोलावं, समोरच्याने रागवायचं नाही. जो रागावला त्याने आपल्या बापजाद्यांच्या तोंडाला काळं फासलं. मासेकला असे टोले पाळण्यापासून येत होते. कचेरीत, मशिदीच्या पायरीवर, एकदा तर दवाखान्यात पोटाला टाके पडत असताना त्याने डॉक्टर जोपाला असं काही सुनावलं होतं की नर्सला सुई खाली ठेवावी लागली होती. आत्ताही त्याने तोंड उघडलं. काही आलं नाही. पुलावरून वारा आला, खाली नदीचं पाणी तपकिरी आणि सुस्त पडलेलं दिसलं.

ड्रायव्हरच्या डोळ्यांतलं हसू हळूहळू विझलं. "काका, वाईट वाटलं का?" त्याने विचारलं. मासळीवाली म्हणाली, "बरं नसेल रे त्यांना. गप बस." "माफ करा काका," पोरगा म्हणाला, "मी आपलं नेहमीचंच बोललो." जोपाने न्जायची माफी मागितली! मासेकने चोपन्न वर्षांत असं ऐकलं नव्हतं. त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. नाही रे बाबा, तसं काही नाही, एवढं तरी म्हणायला हवं होतं, पण त्याने मान फिरवून नदीकडे बघितलं आणि टॅक्सीतल्या चौघांनाही एकमेकांची लाज वाटू लागली. गाडी हलली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

बिराम जोप जाऊन आज चाळिसावा दिवस. आज आपण जायचं आणि सांगायचं, हे त्याने सकाळी दाढी करताना ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला होता आणि गप्प बसून आला होता. आठव्या दिवशी गेलाच नाही. नदीच्या मुखाशी गाळाचे नमुने घ्यायचेत, अशी सबब बायकोला सांगितली आणि कचेरीत नकाशे रंगवत बसला. निळा रंग खोल पाण्याला, पिवळा वाळूला. त्या नकाशांत निळं कमी आणि पिवळं जास्त होत चाललेलं होतं, आणि पिवळं एका जागी राहत नव्हतं. हा त्याचा धंदा. वाळू कुठून येते, कुठे थांबते, कुठे जाते, हे तो मोजायचा. नदी पूर्वी डोंगरांतून गाळ घेऊन यायची आणि समुद्राच्या तोंडावर फेकायची. आता वरची धरणं तो गाळ गिळून बसली होती आणि नदी इथवर यायची ती रिकाम्या हाताने. समुद्राला मात्र रोजची भूक होतीच, उलट वाढलेली. उत्तरेला हजारो मैलांवर कुठेतरी वादळ व्हायचं आणि दोन दिवसांनी त्याची लाट गेत न्दारच्या, मच्छीमारांच्या वस्तीतल्या एखाद्या म्हातारीची भिंत घेऊन जायची. मासेक परिषदांमध्ये हे सांगायचा तेव्हा बाहेरचे पाहुणे माना डोलवत. बिरामला सांगायचा तेव्हा बिराम म्हणायचा, "म्हणजे नदीला जेवायला मिळत नाही म्हणून समुद्र आम्हाला खातोय. एवढं सांगायला तुला सरकार पगार देतं? माझी शेळी हे फुकट सांगेल."

बिराम. डोळ्यांसमोर नेहमी आधी त्याचे पायच यायचे. तांडेलाचे पाय, बोटं फाकलेली, टाचा भेगाळलेल्या, होडीच्या काठावर रोवलेले. दोघे एकाच गल्लीत वाढले. नवव्या वर्षी बिरामच्या बापाने दोघांनाही होडीत घातलं होतं. बिराम काठाला धरून उभा राहिला, मासेक ओकला. दुपारपर्यंत ओकत राहिला. बिरामच्या बापाने त्याला परत किनाऱ्यावर उतरवलं आणि त्याच्या बापाला सांगितलं, "याला पुस्तकं वाचू दे. समुद्राला हा नको झालाय." सगळी गल्ली हसली होती. मासेकही हसला होता, कारण बोलणारा जोप होता आणि हसणं भाग होतं. त्या दिवसाचं काय झालं ते कुणी विचारत नाही. थट्टा गिळून टाकली की ती पचते असं सगळे धरून चालतात. मासेकला पुढे कधीतरी, मोठेपणी, शिकल्यावर, असं वाटू लागलं की काही थट्टा पचत नाहीत. त्या तळाशी बसतात, वरून पाणी वाहत राहतं, आणि तळ थोडाथोडा वर येत जातो. पण असं बोलायचं कुणाशी? न्जायला जोपाच्या थट्टेचं वाईट वाटलं, हे वाक्यच इथे बोलता येत नाही. ज्याला ते वाटलं त्याने ते आपल्याजवळच ठेवायचं आणि पुढच्या वेळी जास्त जोरात हसायचं.

मग तो पुराचा ऑक्टोबर आला. नदी फुगली, शहर बुडायला लागलं, सोर वस्तीतल्या मासेकच्या घरात गुडघाभर पाणी होतं आणि बायको तांदळाचं पोतं डोक्यावर घेऊन पलंगावर उभी होती. वरच्यांनी ठरवलं की नदी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या लांबट पट्टीत एक चर खणायचा आणि पुराचं पाणी समुद्रात सोडून द्यायचं. मासेक तेव्हा तिशीत होता. खुंट्या त्याने ठोकल्या. दोरी त्याने ताणली. एवढासा चर, धावत येऊन उडी मारली तर माणूस पलीकडे जाईल. पाणी उतरलं, शहर वाचलं, मशिदीत दुवा मागितली गेली. आठवड्यात त्या चरातून होडी जाऊ लागली, आणि मच्छीमार नाचले, कारण जुनं मुख खाली लांब होतं आणि आता समुद्र दारात आला होता. वर्षात पलीकडचा काठ दिसेनासा झाला. रोगापेक्षा इलाज भयंकर, पण हे कळायला वाळूला वेळ द्यावा लागतो. खालच्या बाजूची वस्ती गेली, सुरूची झाडं मुळं वर करून पडली, विहिरी खारट झाल्या. आणि नव्या मुखाच्या तोंडावर वाळूचा दांडा तयार झाला. तो आज इथे असायचा, उद्या तिथे. त्यावर लाटा उभ्या राहून फुटायच्या आणि परतीच्या जड होड्या त्यांत उलटायच्या. गेत न्दारच्या नव्या विधवांना माहेरची माणसं विचारायची, आत समुद्रात की दांड्यावर? बहुतेक वेळा उत्तर दांडा असायचं.

आणि या सगळ्याची बिरामने थट्टा केली. लग्नांत, बारशांत, चहाच्या पहिल्या कडू पेल्यापासून तिसऱ्या गोड पेल्यापर्यंत. "हा माझा गुलाम. याला मी म्हटलं, बाबा, अंगणात एक भोक पाड, पाणी जाऊ दे. याने समुद्रच आत घेतला!" कुणी दांड्यावर मेला की जनाज्यानंतर मासेकच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "न्जाय, अजून एक तुझ्या दोरीला लटकला रे." लोक हसायचे. मासेक म्हणायचा, "जोप पोहायला शिकले असते तर दोरी लागली नसती." पुन्हा हशा. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटायचं. ज्या गोष्टीने त्याला झोप आली नसती ती गोष्ट बिराम चारचौघांत हसण्यावारी नेत होता, आणि हसण्यावारी गेलेल्या गोष्टीचा जाब कुणी विचारत नाही. खुंट्या ठोकणाऱ्याला कुणी कधी जाब विचारला नाही. बिरामने वीस वर्षं त्याला असं जपलं. आणि वीस वर्षं मासेकला त्याचा राग येत राहिला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे त्याच्या नकाशात बसत नव्हतं.

टॅक्सी दुसऱ्या, छोट्या पुलाच्या अलीकडेच थांबली. पुढे बाजार होता. मासेक उतरला. ड्रायव्हरने त्याच्याकडे बघितलं नाही. गेत न्दारचा वास आला, सुकत घातलेल्या मासळीचा, डिझेलचा, मेंढरांचा. गल्लीत मेंढरं बांधलेली, पोरं, जाळ्यांचे ढीग, आणि गल्लीच्या टोकाला जिथे पूर्वी आणखी एक रांग घरांची होती तिथे आता आकाश. अर्धी खोली उभी होती एक. तिच्या भिंतीवर निळा रंग आणि खिळ्याला अडकवलेलं कॅलेंडर, आणि पुढे जमीनच नाही. ती माणसं आता लांब आत, धुळीत, तंबूत राहतात आणि मासळीसाठी रोज बसने येतात. मासेकने त्या भिंतीकडे बघितलं नाही. तो त्या सकाळकडे बघत होता.

त्या सकाळी तो न्याहारी करत होता. पाव, कांद्यातली अंडी, मिरी घातलेली कॉफी. फोन वाजला. बिराम. पाठीमागे इंजिन, वारा, खलाशांचा गलका. फोन त्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्या आवाजावर टाकलेला. "न्जाय! माझ्या गुलामा! आम्ही दांड्याच्या बाहेर उभे आहोत. होडी काठोकाठ भरलीय. आज वाट कुठनं?" मासेकने परवा मुखाची खोली मोजली होती. पण परवाची खोली परवाची. काल रात्रीपासून उत्तरेची मोठी लाट आली होती, वरची वाट भरून गेली असणार आणि खालची कुठे सरकली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने बरोबर तेच सांगितलं. "वाट नाही. दुपारच्या भरतीपर्यंत बाहेर थांब." "दुपारपर्यंत? बर्फ संपलाय रे. मासे तोवर चालत घरी जातील." इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथे त्याने म्हणायला हवं होतं, बिराम, थट्टा नाही, थांब. एवढंच. कुणीही म्हटलं असतं. पण त्याच्या तोंडात घास होता, ऐकणारे सात-आठ खलाशी होते, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा बिराम जोप काहीतरी मागत होता आणि ते देणं न देणं मासेक न्जायच्या हातात होतं. तो म्हणाला, "थांब म्हणतोय ना? जोप जन्माला येतात तेच मुळी न्जायांच्या दारात उभं राहायला."

फोनमधून हशा उसळला. सगळी होडी हसली. बिरामचा आवाज त्या सगळ्यांच्या वर, "ऐकलंत का रे! माझा गुलाम मला दारात उभं करतोय! फोन धर रे मातार, भात शिजायच्या आत याच्या घरी जाऊन बसतो," आणि इंजिनचा आवाज चढला. फोन बंद झाला. मासेक हसत होता. टोला बरोबर बसला होता, खूप दिवसांनी इतका बरोबर बसला होता, त्याला पावाचा पुढचा घास गोड लागला. आणि तो घास चावताना त्याला माहीत होतं. हेच तर त्याला आज सांगायचं होतं. नंतर कळलं असं नाही. तेव्हाच माहीत होतं. पन्नास वर्षं ज्याला ओळखतो तो माणूस असा टोला खाऊन दांड्याबाहेर थांबणार नाही, खलाशांसमोर तर नाहीच, हे त्याला आपल्या हाताच्या रेषांइतकं ठाऊक होतं. परत फोन लावायला वेळ होता. त्याने कॉफी संपवली. मग लावला तेव्हा फोन लागला नाही.

होडी दांड्यावर उलटली. तिघं गेले. दोघं मिळाले, फुगलेले, मुखाच्या खाली. बिराम मिळाला नाही. कुठे असेल ते मासेकला साधारण माहीत होतं. या किनाऱ्यावरची वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे चालते, जे उत्तरेला तुटतं ते दक्षिणेला साठतं, आणि पट्टीचं शेपूट दरवर्षी थोडं लांबतं. त्याच्या अहवालात तो लिहायचा, भूजिव्हा पुढे सरकली. त्या सरकलेल्या वाळूत कुठेतरी बिराम होता. कबरस्तानात मच्छीमारांच्या कबरींवर त्यांची जाळी पांघरतात; बिरामचं जाळं घरीच कोपऱ्यात पडून होतं, कारण ते पांघरायला कबरच नव्हती.

बिरामच्या दारात गल्लीभर ताडपत्री ताणली होती. पुरुष चटयांवर बसले होते, कुराणाचं पठण नुकतंच संपलं होतं, खजूर आणि गोड वडे वाटले जात होते. मासेक चपला काढून टेकायच्या बेतात होता, तेवढ्यात आतून बिरामची आत्या आली. ऐंशीची बाई, काठी टेकत, पण आवाज असा की समुद्रावरून ऐकू यावा. "आला! आमचा गुलाम आला. आठव्याला पत्ता नाही, आणि आज बघा, भात उतरला तेव्हाच आला." चटयांवर दबकं हसू पसरलं. मासेकने मान खाली घातली. आत्याने त्याचं मनगट धरलं, जुन्या दोरासारखी बोटं, आणि त्याला दाराच्या आत ओढत कानाशी म्हणाली, "पोरा, ऐक. जेनाबा जेवत नाही. रडतही नाही. चाळीस दिवस भिंतीकडे बघत बसलीय. इमाम आले, तिची आई आली, काही उपयोग नाही. पण ती पण जोपाचीच लेक आहे, चुलत घरची. तुझं काम आहे हे. हसव तिला. कसंही करून हसव."

"आत्या, मला तिला काहीतरी सांगायचंय," मासेक म्हणाला.

"सांग की. चांगलं तिखट सांग."

"तसं नाही, आत्या."

"न्जाय आणि लाजतोय! जा आत."

अंगणात बायका बसल्या होत्या. मधोमध पांढऱ्या साध्या कपड्यांत जेनाबा. तिचा चेहरा लहान झाला होता. ती उठून त्याच्या लग्नात नाचली होती, तिने त्याला कितीदा भातखाऊ म्हणून ताटातून उठवलं होतं आणि पुन्हा बसवलं होतं. आता तिने त्याच्याकडे बघितलं, पण कुणीतरी आत आलंय एवढंच बघावं तसं. मोठी परात आली, भात, वर मासा, गाजर, कोबी. बायकांनी तिच्यापुढे सरकवली. तिने हात धुतला नाही. दारात मातारही येऊन उभा राहिला होता. त्या होडीतून वाचलेला, खांदा अजून बांधलेला. मासेकला एक विलक्षण हलकेपणा वाटला. मातारने तो फोन ऐकलाय. म्हणजे साक्षीदार आहे. आता एक वाक्य बोलायचं, आणि मग कुणीतरी ओरडेल, कुणीतरी अंगावर धावून येईल, जेनाबा कदाचित ती परात त्याच्या तोंडावर मारेल. तो त्या परातीसाठी तयार होता. कुणीतरी आपल्याला एकदा तरी, खरोखर, थट्टेशिवाय काहीतरी म्हणावं, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं असं त्याला त्या क्षणी वाटलं.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "वहिनी," तो म्हणाला, "बिरामला मी मारलं."

मग आत्याने काठी जमिनीवर आपटली. "घ्या! ऐका! न्जायाने जोपाला मारलं म्हणे! अरे, न्जायाला कोंबडी धरता येत नाही!" अंगणात हशा फुटला. बायका मांड्यांवर थापा मारू लागल्या. बाहेरच्या ताडपत्रीखालून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणाला, काय म्हणाला?" आणि कुणीतरी ते पुढे सांगितलं आणि हशाची दुसरी लाट गल्लीतून गेली. सगळ्यात जुनी थट्टा होती ती. प्रत्येक जोपाच्या मयतीला एखादा न्जाय येऊन म्हणतोच, चला, एक कमी केला.

"नाही, ऐका," मासेक म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "खरं सांगतोय. फोन आला होता त्याचा. मी थांब म्हणालो. आणि मग मी म्हणालो... मातार, तू सांग. तू होतास. मी काय म्हणालो ते सांग यांना."

मातार पुढे आला. चाळीस दिवसांत त्याने तोंड उघडलं नव्हतं, आणि आता त्याचे डोळे चमकत होते. "खरंच म्हणाला होता!" तो म्हणाला. "तांडेलाने विचारलं वाट कुठनं, तर हा काय म्हणतो, जोप जन्माला येतात तेच मुळी न्जायांच्या दारात उभं राहायला! अगं बायांनो, होडी हलली आमची हसून. तांडेल तर सुकाणूवर ओणवा झाला होता. डोळे पुसत होता. म्हणाला, भात शिजायच्या आत याच्या घरी जाऊन बसतो. आणि तसाच आत घुसला, हसत. लाट आली तेव्हासुद्धा तो हसतच होता, मी बघितलं. शप्पथ. शेवटचं बघितलं ते त्याचे दात."

अंगण शांत झालं. आता, मासेकला वाटलं. आता.

"हसत गेला," आत्या म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "ऐकलंस जेनाबा? घाबरून नाही गेला. हसत गेला माझा पोरगा." एक बाई अल्लाचे आभार मानू लागली. दुसरीने डोळे टिपले. आत्याने मासेकच्या डोक्यावर हात ठेवला, खरा हात, आशीर्वादाचा. "आम्हाला काय वाटत होतं, किती भ्यायला असेल, काय हाका मारल्या असतील. आणि तू त्याला हसवत पाठवलंस. देव तुझं भलं करो रे."

"आत्या, तुम्हाला कळत नाहीये," मासेक म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. चोपन्न वर्षांचा माणूस, शर्टाच्या खिशाला सरकारी पेन, जमिनीवर बसून हुंदके देऊ लागला. "माझ्यामुळे गेला तो. मला माहीत होतं तो थांबणार नाही."

"बघा, बघा, भातासाठी रडतोय!" कुणीतरी म्हणालं, आणि बायका पुन्हा कोसळल्या. आणि तेव्हा, त्या गोंधळात, जेनाबाच्या घशातून एक आवाज आला. आधी सगळ्यांना वाटलं ती ओकतेय. मग तिचे खांदे हलले. ती हसत होती. चाळीस दिवस बंद पडलेला गळा खरखरत होता आणि ती हसत होती, तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी गळत, "भातासाठी," ती म्हणाली, "भातासाठी रडतोय माझा गुलाम," आणि तिने हात धुतला, आणि माशाचा सगळ्यात जाड तुकडा परातीतून उचलून मासेकच्या समोरच्या भातावर ठेवला. "खा. खा रे भातखाऊ."

अंगणातल्या प्रत्येक बाईने त्याच्याकडे असं बघितलं, जसं जन्मात त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, कृतज्ञतेने. मासेकने घास घेतला. भात गरम होता. तो गिळला गेला. जेनाबानेही एक घास घेतला, मग दुसरा, आणि आत्याने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. आता त्याला कळलं की इथून बाहेर जायला वाट नाही. तो रोज येऊन ओरडला असता, भर बाजारात उभा राहून सांगितलं असतं, तरी लोक हसलेच असते, आणि प्रेमाने हसले असते. त्याने बिरामला मारलं होतं आणि हे त्या शहरात कुणालाही सांगता येण्यासारखं नव्हतं.

"दर शुक्रवारी या," जेनाबा म्हणाली. तिचा आवाज अजून खरखरत होता. "ऐकताय ना? दर शुक्रवारी इथेच जेवायचं. आणि आत्ता पुन्हा सांगा. मला नीट ऐकू नाही आलं सगळं. ते काय म्हणाले, आणि तुम्ही काय म्हणालात."

बायका सरकून जवळ आल्या. बाहेरचे दोघं-तिघं पुरुष दारात येऊन उभे राहिले. मातारने बांधलेला खांदा सावरत खाली बसकण मारली. मासेकने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. आणि त्याने सांगितलं. फोन वाजला ते सांगितलं, बिरामचा आवाज काढला, बर्फ संपल्याचं सांगितलं, मासे चालत घरी जातील तेही. मग आपलं वाक्य. जोप जन्माला येतात तेच मुळी न्जायांच्या... इथे तो, का कोण जाणे, किंचित थांबला. सगळं अंगण त्याच्या तोंडाकडे बघत होतं. मग तो "दारात उभं राहायला" म्हणाला, आणि या वेळचा हशा पहिल्यापेक्षा मोठा होता.